चौऱ्याऐंशीचा रविवार

“चौऱ्याऐंशी,” राजेश म्हणाला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. “संपला विषय. आज कुठे जायचं नाही.”

माणिक कपाटाच्या आरशासमोर उभी राहून पदराला पिन लावत होती. ती थांबली नाही. पिन नीट बसली की नाही ते तिने बोटाने चाचपून पाहिलं.

“ऐकलंस का?”

“ऐकलं. चौऱ्याऐंशी.”

“शंभरात चौऱ्याऐंशी गं. एवढा आकडा आजवर कधी आला नव्हता.”

“माझी मॅच साडेअकराला आहे दादा. मी पावणेदहाला निघणार.”

राजेशने बायकोकडे पाहिलं. अनुपमा पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बशी माणिकसमोर ठेवली आणि म्हणाली, “खाऊन तरी घे आधी. गोळी उपाशीपोटी नको.”

माणिक एक्कावन्न वर्षांची होती. मरोळच्या एका खासगी शाळेच्या ऑफिसात ती सव्वीस वर्षं कारकून होती आणि शाळा सोडल्याचे दाखले अजून हाताने लिहायची, कारण तिच्यासारखं अक्षर प्रिंटरला येत नाही असं हेडबाई म्हणत. नवव्या वर्षापासून तिला फिट येत होती. जमिनीवर पडून हातपाय झाडण्याची वेळ क्वचित यायची. बहुतेक वेळा ती नुसती हरवायची. बोलता बोलता थांबायची, नजर एका जागी लागायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे, डावा हात काहीतरी शोधत राहायचा. दीड-दोन मिनिटांनी परत यायची. मधल्या वेळात काय झालं ते तिला कधीच कळायचं नाही, आणि घरात कुणी सांगायचंही नाही. “काय नाही, झालं,” एवढंच.

आकडा घरात आला त्याला अकरा महिने झाले होते. डॉक्टरांनी तिचं नाव अंधेरीतल्या एका संशोधन केंद्राला दिलं होतं. तिथल्या लोकांनी तिच्या कानामागे बटणाएवढं यंत्र चिकटवलं. ते मेंदूच्या लहरी टिपायचं, आणि रोज सकाळी साडेसहाला तिच्या आणि राजेशच्या फोनवर एक आकडा यायचा. आज फिट येण्याची शक्यता शंभरात किती.

हा आकडा कुठून येतो, ते तिने सुयोगला विचारलं होतं. सुयोग तिथला संशोधक, तिशीच्या आतला, बोलताना सारखा चष्मा वर सरकवणारा.

“काकू, तुमच्या मेंदूचं एक गणिती रूप आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे,” तो म्हणाला होता. “त्यात तुमच्या लहरी, झोप, गोळ्यांच्या वेळा, सगळं घालतो. मग आजचा दिवस त्याला जगायला लावतो. एकदा नाही, दहा हजार वेळा. दर वेळी थोडा फरक करायचा. कुठे काय इकडेतिकडे होईल ते फाशांवर सोडायचं. आणि दहा हजारांपैकी किती वेळा फिट आली ते मोजायचं.”

“म्हणजे ब्रेकसारखं,” माणिक म्हणाली.

“कसला ब्रेक?”

“कॅरमचा रे. सोंगट्या त्याच, स्ट्रायकर तोच, हात माझाच. तरी दर वेळी बोर्ड वेगळा फुटतो. दहा हजार वेळा फोडलास तर राणी किती वेळा पॉकेटजवळ जाते ते तुला सांगता येईल. पण आत्ता जाईल का, ते नाही सांगता येणार.”

सुयोग तिच्याकडे बघतच राहिला. “हे मी माझ्या लेक्चरमध्ये वापरलं तर चालेल?”

“वापर की.”

सुरुवातीला तिला आकडा आवडला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला आधी सांगत होतं. आणि आकडा खोटा नव्हता. सत्तरच्या वर गेला अशा आठ दिवसांपैकी सहा दिवस फिट आली होती. खोटा असता तर भांडता तरी आलं असतं.

पण हळूहळू तो आकडा तिचा राहिला नाही. राजेशने तो घरच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. पन्नासच्या वर असला की शाळेतून फोन यायचा, माणिकताई, आज आराम करा. साठच्या वर गेला की न्हाणीघराची कडी लावायची नाही असं ठरलं. अनुपमा तिच्या हातातून लायटर घ्यायची, तेही अगदी प्रेमाने. खालचा भाजीवाला मेथीची जुडी देता देता विचारायचा, “ताई, आज कितना है?”

गेल्या मंगळवारी ती तपासणीला गेली तेव्हा सुयोगने उत्साहाने स्क्रीन तिच्याकडे वळवला. “काकू, आता नुसती फिट नाही, वागणंही सांगता येतं. हे बघा. आकडा सत्तरच्या वर असेल त्या दिवशी तुम्ही काय कराल. घरी राहण्याची शक्यता त्र्याण्णव टक्के.”

माणिकने त्या आकड्याकडे पाहिलं. “मी घरी राहते, कारण तुझा आकडा येतो.”

“हो, ते आहे.”

“आणि मी घरी राहणार हे तू मलाच सांगतोस.”

“तो एक प्रॉब्लेम आहे,” सुयोग प्रामाणिकपणे म्हणाला. “त्यावर काम चालू आहे.”

“उरलेले सात टक्के काय आहेत?”

“ते किरकोळ असतं काकू. त्यातून काही निघत नाही. आम्ही ते सोडून देतो.”

घरी येताना ती त्या सात टक्क्यांचाच विचार करत होती.

कॅरम तिच्याकडे आला तो फिटमुळेच. तेव्हा ते लालबागला राहत. गिरण्यांचा संप चालू होता, वडील आणि त्यांचे मित्र दिवसभर गॅलरीत बोर्ड मांडून बसायचे. माणिकला बाहेर खेळायला सोडायचे नाहीत, पण गॅलरी घरातच धरली जायची. दहाव्या वर्षी ती मोठ्या माणसांना हरवू लागली. बाविसाव्या वर्षी जिल्हा स्पर्धेत उतरली आणि तिथे, भर हॉलमध्ये, फिट येऊन हरवली. शुद्धीवर आली तेव्हा कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली होती आणि चाळीस-पन्नास माणसं गोल करून उभी होती. वडील तिला घरी घेऊन आले. बोर्ड माळ्यावर गेला. त्याच सुमारास लग्नाची बोलणी चालू होती. “माझ्या चेडवाक काय्येक झालेला नाय,” असं आई लेकीबद्दल येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि येणारे चहा पिऊन जायचे. पुढे कुणी येईनासं झालं. चार वर्षांपूर्वी आई गेली.

दोन वर्षांपूर्वी शाळेत अडगळ काढताना एक जुना बोर्ड सापडला. मधल्या सुट्टीत माणिक शिक्षकांशी खेळू लागली. महिन्याभरात तिच्यासमोर बसायला कुणी तयार होईना. यंदा पीटीच्या सरांनीच घाटकोपरच्या स्पर्धेचा फॉर्म आणून दिला. महिला एकेरी, वयाची अट नाही. ती तीन फेऱ्या जिंकली. त्या त्या दिवशीचे आकडे होते एकतीस, अठरा आणि सव्वीस. आज उपांत्य फेरी होती.

तिने पोहे संपवले, गोळी घेतली, पिशवीत स्ट्रायकर, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांचं पत्र टाकलं. राजेश दारात उभा होता.

“पुढच्या वर्षी खेळ ना. स्पर्धा काय पळून चालल्यात?”

“पुढच्या वर्षी त्या दिवशी आकडा किती असेल?”

राजेश वाईट माणूस नव्हता. सतरा वर्षांचा असताना रक्ताने माखलेल्या बहिणीला उचलून तो चाळीतून हॉस्पिटलपर्यंत पळत गेला होता. नागपूरची बढती त्याने तिच्यासाठी नाकारली होती आणि ते तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“रस्त्यात पडलीस तर माणिक?”

“ही खूण बघ,” तिने कपाळावरचे केस मागे केले. “ही रस्त्यातली नाही दादा. आपल्या मोरीतली आहे. मला आजवर जे जे लागलं ते सगळं घरातच लागलं.”

राजेश दारातून बाजूला झाला नाही, पण त्याने दारही धरून ठेवलं नाही. ती त्याच्या आणि चौकटीच्या मधून निघून गेली.

मरोळच्या मेट्रो स्टेशनवर ती कडेपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. गाडी थांबली, दारं उघडली, तेव्हाच पुढे गेली. वेडेपणा करायला ती निघाली नव्हती.

घाटकोपर पश्चिमेला एका मंडळाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चार बोर्ड लावले होते. वरून दिवे सोडले होते आणि बोरिक पावडरचा वास होता. पंच शरच्चंद्र मेस्त्री, सत्तरीला टेकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं. माणिक सरळ त्यांच्याकडे गेली आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. “म्हणजे खेळताना कधीही होऊ शकतं?”

“कधीही. आज होण्याची शक्यता जास्त आहे. चौऱ्याऐंशी टक्के.”

“एवढं अचूक?”

“एवढं अचूक.”

“मग बाई, तुम्ही आलात कशाला?” त्यांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

“सेमी फायनल आहे सर.”

मेस्त्रींनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. “ठीक आहे. बसा बोर्डवर.”

समोर ऋतिका होती. चोवीस वर्षांची, भांडुपची, गेल्या वर्षीची विजेती. माणिकने तिला नमस्कार केला आणि म्हणाली, “एक सांगून ठेवते. मध्येच मी गप्प झाले, एकटक बघायला लागले, तर घाबरू नकोस. मला धरायचं नाही, पाणी पाजायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. नाकाला चप्पल-बिप्पल तर अजिबात नको. पडायला लागले तरच हात दे. दोन मिनिटांत येते परत.”

ऋतिकाने मान हलवली. “ओके काकी. आणि घड्याळ लावू का मी?”

“लाव. हुशार आहेस.”

पहिला सेट माणिकने पंचवीस-चौदा असा घेतला. ऋतिकाचा हात जोरकस होता, पण माणिकचा सावकाश होता, आणि सावकाश हाताला पावडरचा बोर्ड जास्त ऐकतो. दुसऱ्या सेटमध्ये ती एकोणीस-पंधराने पुढे होती. त्या बोर्डात राणी घेऊन तिने कव्हरही केलं. तिच्या दोन पांढऱ्या उरल्या होत्या, ऋतिकाच्या पाच काळ्या. हा बोर्ड आला की मॅच आली. आजूबाजूच्या बोर्डांवरची माणसं खुर्च्या सरकवून इकडे बघायला लागली होती.

पहिली पांढरी सोपी होती, डाव्या पॉकेटच्या तोंडाशी. माणिकने स्ट्रायकर रेषेवर ठेवला. आणि तिला दुधाचा वास आला. करपलेल्या दुधाचा. आता नको, असं तिच्या मनात आलं, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

मग मेस्त्रीसरांचा चेहरा होता. दिवा होता. पावडर होती. कुणीही तिच्याभोवती गोल करून उभं नव्हतं. सगळे आपापल्या जागी बसले होते. ऋतिका फोन हातात धरून तिच्याकडे बघत होती.

“एक मिनिट पन्नास सेकंद,” ती म्हणाली.

माणिकची जीभ जड झाली होती. तिने खाली पाहिलं. बोर्डवर एकही सोंगटी नव्हती. सगळ्या लाकडी कडेवर होत्या, एका रांगेत. आधी पाच काळ्या, मग दोन पांढऱ्या.

“मी काय केलं?” तिने विचारलं.

ऋतिका थोडी अडखळली. मग तिने सरळ सांगितलं. “डाव्या हाताने एकेक उचललीत. घाई नाही केलीत. बोटाने पुसल्यात, म्हणजे पावडर झटकल्यासारखं, आणि इथे लावून ठेवल्यात. एक पडली खाली, ती परत उचललीत. ओठ हलत होते. बाकी काही नाही.”

माणिक त्या रांगेकडे बघत राहिली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या हाताने केलेलं काम बघत होती. रांग सरळ होती.

मेस्त्री पुढे झाले. “बाई, थांबायचं का? वॉकओव्हर दिलात तर कुणी काही म्हणणार नाही.”

“पंधरा मिनिटं मिळतील?”

“वीस घ्या. आणि हा बोर्ड...” ते घुटमळले. “नियमाने सोंगट्या हलवणाऱ्याचा बोर्ड जातो. पण ऋतिकाची हरकत नसेल तर आपण होता तसा परत लावू. कुठे काय होतं ते माझ्या लक्षात आहे.”

“माझी काही हरकत नाही सर,” ऋतिका लगेच म्हणाली. “काकी जिंकतच होत्या.”

“माझी आहे,” माणिक म्हणाली.

दोघं तिच्याकडे पाहू लागले.

“सोंगट्या माझ्या हाताने हलल्या. तो हात माझाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. जिंकले असते तर त्याच हाताने जिंकले असते ना? बोर्ड हिचा लिहा.”

मेस्त्रींनी तो ऋतिकाच्या नावावर लिहिला.

माणिक खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. डोकं जड होतं, मानेत चमक होती, झोप येत होती. तिने तोंड धुतलं, घोट घोट पाणी प्यायली, बोटं एकेक करून मिटली आणि उघडली. विसाव्या मिनिटाला परत येऊन खुर्चीत बसली.

दुसरा सेट ऋतिकाने काढला. तिने माणिकवर दया दाखवली नाही, आणि माणिकला ते बरं वाटलं. तिसरा सेट चालू असताना जिन्यावर पावलं वाजली आणि राजेश आत आला, शर्टाला घाम, हातात फोन. यंत्राने फिट आल्याचा निरोप त्याला पाठवला होता आणि तो मरोळहून रिक्षाने सुटला होता. तो तडक बोर्डकडे निघाला.

मेस्त्रींनी हात वर केला. “मॅच चालू आहे. बसा.”

“माझी बहीण आहे ती. तिला आत्ता फिट...”

“माहीत आहे. आम्ही इथेच होतो. बसा.”

राजेश एका खुर्चीच्या टोकावर बसला.

तिसरा सेट लांबला. अठरा-अठरा झालं. मग बावीस-एकवीस ऋतिका. शेवटच्या बोर्डात माणिकची एक लांबची पांढरी पॉकेटच्या कडेला लागून परत आली आणि ऋतिकाने पाठोपाठ तीन काळ्या घालून पंचवीस पुरे केले. माणिक उठली, तिने ऋतिकाशी हात मिळवला.

“तुझी दुसरी काळी सुंदर होती,” ती म्हणाली. “कडेवर आपटून, बँक करून घेतलीस ती.”

“तुम्हीच मघाशी तशी घेतली होतीत. बघून मारली,” ऋतिका म्हणाली.

राजेश तिच्याजवळ आला. तिच्या कोपराला धरण्यासाठी त्याने हात पुढे केला आणि मग मागे घेतला. “आकडा बरोबर आला ना शेवटी?”

“आला. अगदी बरोबर आला.”

“मी सकाळपासून तेच...”

“मग?” माणिक म्हणाली. “बरोबर आला. मग काय?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुयोग होता. “काकू, ठीक आहात ना? सिग्नल आला म्हणून केला. पण तुमचं लोकेशन घाटकोपर दाखवतंय.”

“घाटकोपरलाच आहे. फिट आली, एक मिनिट पन्नास सेकंद. लिहून घे, मोजलेली आहे. त्याआधी पहिला सेट जिंकले, पंचवीस-चौदा. त्यानंतर तिसऱ्यात एकवीसपर्यंत आणलं. तेही लिही.”

“ते लिहायला आमच्याकडे जागा नाही काकू.”

“मग कर जागा.” तिने जरा थांबून म्हटलं, “आणि सुयोग, उद्यापासून आकडा फक्त माझ्या फोनवर पाठवायचा. दादाच्या नाही, ग्रुपवर नाही. फॉर्मवर सही माझी आहे.”

“हो काकू. तो तुमचा हक्क आहे.”

राजेशने हे सगळं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. “मला कळायला नको का?”

“मला गरज लागली की मी सांगेन. फिट आलीच तर निरोप येईल तुला, आज आला तसा. पण सकाळी उठून माझा दिवस तू वाचायचा नाही.”

त्याने रुमालाने मान पुसली. “बरं. चल आता, रिक्षा करू. झोप आली असेल तुला.”

“आली आहे. पण साडेतीनला तिसऱ्या नंबरची मॅच आहे.”

“अजून एक?”

“हरलेल्या दोघींची असते. मुलुंडच्या कुणी रत्नप्रभाबाई आहेत. चांगल्या खेळतात म्हणे.”

राजेश खाली जाऊन इडली घेऊन आला. दोघांनी बाकावर बसून ती खाल्ली. मग माणिक भिंतीला डोकं टेकून तासभर झोपली आणि तो शेजारी बसून राहिला. सव्वातीनला तिची ती जागी झाली.

मेस्त्रींनी नावं पुकारली. रत्नप्रभाबाई साठीच्या पुढच्या, हातात जाड काचेच्या बांगड्या, बसल्याबसल्या त्यांनी त्या कोपरापर्यंत वर सारल्या. माणिकने चिमूटभर पावडर बोर्डवर टाकून तळहाताने पसरली. राजेशने आपली खुर्ची रत्नप्रभाबाईंच्या मागे, अगदी माणिकच्या समोर ठेवली होती. इतकी वर्षं घरात, लग्नकार्यात, दवाखान्यात तो असाच बसत आला होता, तिचा चेहरा दिसेल असा. ओठ हलतायत का, नजर लागलीय का, ते बघत.

पहिला बोर्ड फुटला. सोंगट्या चारी बाजूंना गेल्या, राणी मधेच राहिली. माणिकने एक पांढरी घातली, मग दुसरी. मागे बसलेली माणसं काहीतरी पुटपुटली. राजेशला रत्नप्रभाबाईंच्या खांद्यावरून बोर्डवरचं काही दिसेना. त्याने एकदा मान उंच करून पाहिलं. मग तो उठला, आवाज न करता खुर्ची उचलली, आणि बाजूला, बोर्ड दिसेल अशी ठेवून बसला.